अ‍ॅडमिनकाकांनी टाकलेले दोन फोटो

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, की अ‍ॅडमिनकाका लगेच प्रत्येकाला फोन करायचे, "मेसेज पोचला का?" मोबाईलवर दोन निळ्या खुणा दिसत असल्या तरी करायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो काका, खुणा निळ्या झाल्या म्हणजे मी वाचलाय." तर शांतपणे म्हणाले, "खुणा मोबाईलच्या निळ्या झाल्या. आपल्याला कळला का, ते विचारतोय."

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत बहात्तर बिऱ्हाडं, पण काकांना नावानं हाक मारणारं एकही नव्हतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी वाघोलीला. ग्रुप निघाला तेव्हा रिकामा वेळ कोणाकडे आहे, एवढंच बघून आम्ही त्यांना अ‍ॅडमिन केलं. त्यांनी ते मामलेदारकी मिळाल्यासारखं मनावर घेतलं.

सुप्रभाताची फुलं त्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद केली. "फुलं खाली बागेत आहेत. तिथे येऊन शुभेच्छा द्याव्यात," असा मेसेज आला. आमच्या मजल्यावरच्या एक बाई त्यावरून महिनाभर रुसल्या होत्या. काकांना ते कळलंसुद्धा नाही.

त्यांचा खरा राग न तपासता पुढे पाठवलेल्या बातम्यांवर. 'उद्यापासून चार दिवस पाणी बंद' असं कोणीतरी टाकायचं, आणि आम्ही पिंपं, बादल्या, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचो. काका मात्र पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोन लावायचे. तिथे फोन कोण उचलणार? मग स्कूटर काढून स्वतः जायचे. परत आले की लिहायचे, "सदर बातमी तीन वर्षांपूर्वीची आहे. भरलेलं पाणी झाडांना घालावं, ओतून देऊ नये." ते नेहमी म्हणायचे, "पुढे पाठवायला अक्कल लागत नाही, थांबायला लागते." त्यांना थांबू दिलं नाही, असं एकदाच झालं. आणि ते माझ्यामुळे झालं.

माझं एक पार्सल आलं होतं, मिक्सरचं भांडं. मोबाईलवर 'पोचवलं' असा मेसेज होता आणि वॉचमनच्या टेबलावर काही नव्हतं. मी काकांना घेऊन ऑफिसात कॅमेऱ्याचं चित्रण बघायला बसले. दुपारी एक अनोळखी बाई टेबलावरचा खोका उचलून लिफ्टकडे जाताना दिसली. मी म्हटलं, "हीच. टाका फोटो ग्रुपवर."

"वॉचमन जेवायला गेलाय. अर्ध्या तासात येईल, त्याला विचारू."

"अर्ध्या तासात ती कात्रज गाठेल. माझ्यावर विश्वास नाही का आपला?"

ते मला मुलीसारखं मानायचे, आणि मला ते ठाऊक होतं. त्यांनी फोटो टाकला. खाली लिहिलं, "या बाईंना कोणी ओळखतं का? पार्सल चोरीस गेलं आहे."

संध्याकाळी शेजारीण शॉपिंगवरून आली आणि माझं पार्सल हातात देत म्हणाली, "अगं, खाली पडलं होतं, म्हणून मी घरात ठेवून गेले." मी धावत खाली जाऊन वॉचमनला फोटो दाखवला. फोटोतली बाई वंदना होती. यवतमाळकडची. नवरा कारखान्यात, आणि ती तीन आठवड्यांपासून सी विंगमधल्या आजींकडे स्वयंपाकाला येत होती. आजींनीच तिला खालून औषधांचा खोका आणायला सांगितलं होतं.

सगळ्यांच्या मोबाईलवरून फोटो पुसायची मुदत तोवर उलटून गेली होती. तो शेजारच्या सोसायटीत गेला होता, दूधवाल्याच्या ग्रुपवर गेला होता. वंदना काम करायची त्या आणखी दोन घरांनी तिला 'उद्यापासून येऊ नको' म्हणून सांगितलंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वही घेऊन माझ्या दारात. "चला. फोटो मी टाकला, पण मागितला आपण."

चार दिवस आम्ही दारोदार फिरलो. काका प्रत्येकाला समोर उभं राहून फोटो पुसायला लावायचे, पुढे कोणाला पाठवला ते वहीत लिहून घ्यायचे आणि मग त्यांच्याकडे जायचे. एक गृहस्थ म्हणाले, "एका कामवालीसाठी एवढं काय, काका?" काका म्हणाले, "आपला टाकून बघू का? मग कळेल एवढं काय ते."

शेवटी वंदनाच्या खोलीवर गेलो. काकांनी हात जोडले. मीही जोडले. ती दारातच उभी होती. म्हणाली, "काका, तुमी माह्या दारात येऊन माफी मांगून राह्यले. फोटो तं सगळ्याईनं पाह्यला. माह्या पोरीच्या क्लासच्या ग्रुपवर आला तो. ती मले म्हणते, आई, तू कायले उचललं?"

परतल्यावर काका थेट वॉचमनच्या टेबलापाशी गेले. मला त्यांनी तिथे आपल्याबरोबर उभं राहायलाही दिलं नाही. एकटेच त्याच कॅमेऱ्याखाली उभे राहिले आणि ऑफिसातून ते चित्र ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "या गृहस्थांना ओळखून ठेवा. यांनी चौकशी न करता वंदनाताईंना चोर ठरवलं. ताईंनी काहीही घेतलेलं नाही. त्यांचा फोटो जिथे जिथे गेला, तिथे हा पाठवावा." वही उघडून एकेका ग्रुपवर तो पोचवला, आणि या वेळीही प्रत्येकाला फोन केला.

त्यात माझं नाव नव्हतं. ते मी लगेच लिहायला हवं होतं. मला धीर व्हायला तीन दिवस लागले, याची लाज मला आजही वाटते. एका घरानं वंदनाला परत बोलावलं, पण ती गेली नाही. सी विंगच्या आजींकडे मात्र येत राहिली.

गेल्या वर्षी काकांना गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगी त्यांना वाघोलीला घेऊन गेली. टेम्पोत सामान चढत होतं, तेव्हा वंदना लेकीबरोबर भाकरी-ठेचा बांधून घेऊन आली. काकांनी चष्मा सावरत त्या मुलीला विचारलं, "बाळ, माझा तो फोटो आता पुसलास ना?"

"नाही आजोबा," ती म्हणाली. "कोणी आईबद्दल काही बोललं, की मी तो दाखवते."

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. काका तिच्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले, आणि त्यांना चला म्हणायला आमच्यापैकी कोणीही पुढे झालं नाही.