संस्थागीत संपेपर्यंत

शांततेचं काम करणारी माणसं मायाळू असतात, असं मला नोकरी लागेपर्यंत वाटत होतं. आमच्या मोहल्ल्यातले कसाईसुद्धा बकऱ्याला आधी पाणी पाजतात. आमच्या संस्थेने तेवढंही केलं नाही.

संस्था सदाशिव पेठेत, एका दवाखान्याच्या वर. मी तिथे समन्वयक होते, म्हणजे तिकिटं काढायची, फोन घ्यायचे आणि सगळ्यांच्या चुका आपल्या अंगावर घ्यायच्या. रुजू झाले त्या दिवशी सचिवबाई म्हणाल्या, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" माझे पणजोबा शनिवार पेठेत पुस्तकं बांधायचे. मी म्हटलं, "तुमचंही बरं आहे." तेव्हापासून त्या मला अगं-तुगं करू लागल्या. ते प्रेमाने की रागाने, ते विचारायची सोय नव्हती.

मेघालयाचे डोंगर जिथे उतरतात आणि बांगलादेश सुरू होतो, तिथल्या गावांसाठी संस्थेने एक प्रकल्प घेतला होता. सीमेवरच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना गारो आणि हाजोंग आदिवासी, बंगाली मुसलमान, सगळे एकमेकांच्या अंगणाला अंगण लावून राहतात. कुठे गाय गेली, कुठे पोरगी पळाली, की अफवा उठते आणि काठ्या निघतात. तर दोन्हीकडच्या बायकांनी व्हिडिओ कॉल लावून पडद्यावरून नियमित बोलायचं आणि भांडण कोवळं असतानाच मोडायचं, अशी कल्पना. कल्पना चांगलीच होती, मी नावं ठेवणार नाही. पलीकडची एक लहानशी संस्था आमच्या जोडीला होती आणि तिथला कार्यकर्ता सज्जन होता. उद्घाटन मात्र पुण्यात. का? तर देणगीदार पुण्यात, आणि आमच्या अध्यक्ष सरांना प्रवास सोसत नाही.

उद्घाटनासाठी अलीकडच्या गावातून एक बाई बोलावली. हाजोंग, चाळिशीची, बाजारातलं हिंदी बोलणारी. तिचं माहेर पलीकडे. कुंपण नव्हतं त्या काळात तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध गारो मुलाशी लग्न केलं आणि इकडे निघून आली. निघाली तेव्हा आई दारातून हाका मारत होती, आणि हिने मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर मायलेकींमध्ये एक शब्द नाही. आता आई म्हातारी झालेली, कानाने ठार बहिरी, म्हणजे फोन करून उपयोग नाही. आणि हिच्या डोंगरात फोनवर आवाज कसाबसा पोचतो, चेहरा पोचत नाही. पलीकडच्या कार्यकर्त्याने म्हातारीच्या हातापाया पडून तिला तयार केलं होतं, की एकदा पडद्यावर लेकीचं तोंड बघ. प्रकल्पाचं या बाईला काही पडलं नव्हतं. स्टेशनवर उतरल्या उतरल्या ती मला म्हणाली, "माँ को मुँह दिखाना है, बस."

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी पलीकडून फोन आला. म्हातारी होडीने बाजाराच्या गावी पोचली होती, त्यांच्या ऑफिसात बसली होती, इंटरनेट झकास चालत होतं. आत्ताच बोलू द्यायचं का दोघींना? मला इतका आनंद झाला की मी चपला न घालताच पाहुणीच्या खोलीकडे निघाले. सचिवबाईंनी दंड धरला.

"वेडी का काय तू? आज बोलल्या तर उद्या व्यासपीठावर काय उरणार?"

"म्हणजे?"

"अगं, मनापासूनचं रडू एकदाच येतं. दुसऱ्यांदा आलेलं लोकांना लगेच कळतं."

"बाई, म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं? उद्याचं कोणी पाहिलंय?"

"उद्याचं पत्रिकेत छापलंय," त्या म्हणाल्या.

आणि पाहुणीला गाडीत घालून खडकवासल्याला नेलं. धरण दाखवायला! जिच्या घरात दर पावसाळ्यात नदी शिरते, तिला पाणी दाखवायला. भाजलेलं कणीस तिच्या हातात देऊन फोटो काढले. आई पोचली आहे हे तिला कोणी सांगायचं नाही, अशी मला तंबी होती. त्या रात्री तिची आई पलीकडच्या ऑफिसातल्या बाकावरच झोपली.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. आता पुण्यातलं सभागृह. वेळ संपली की प्रत्यक्ष देव आला तरी त्याला पायऱ्यांवर उभं करतील. आम्हाला एकपर्यंत दिलेलं होतं. लॅपटॉप सचिवबाईंनी व्यासपीठाच्या मागे, पडद्याखाली ठेवायला लावला, कारण पुढे ठेवला तर फुलांची आरास झाकली जात होती. मी म्हटलं, "बाई, कॅमेऱ्यात सगळ्यांच्या पाठीच येतील." त्या म्हणाल्या, "ती पडद्याकडे वळेल तेव्हा येईल की चेहरा."

मग सत्कार सुरू झाले. आपल्याकडे पाहुण्यांचा सत्कार होतो, मग सत्कार करणाऱ्यांचा होतो, मग हार आणणाऱ्याचे आभार. शांतता म्हणजे दुसऱ्याचं ऐकून घेणं, या विषयावर सर पाऊण तास बोलले. पाहुणीच्या खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. ती सारखी मान वळवून कोऱ्या पडद्याकडे बघत होती. मी विंगेतून घड्याळ दाखवलं, हात जोडले. सचिवबाईंनी माझ्याकडे पाहून गोड हसून मान हलवली.

अखेर एक वाजायला आला तेव्हा मला खूण झाली आणि मी फोन जोडला. भिंतभर म्हातारी उमटली. पांढरे केस तेल लावून चोपलेले, धुतलेलं पातळ, डोळे बारीक केलेले. आणि नेमकं तेव्हाच निवेदिका म्हणाली, "समारोपाच्या संस्थागीतासाठी सर्वांनी उभं राहावं."

संस्थागीत सरांनी स्वतः लिहिलेलं आहे. पाच कडवी. पेटी सुरू झाली. मला आवाज बंद करायला लावला. पाहुणी पडद्याकडे वळू लागली, तशी सचिवबाईंनी तिचं कोपर धरून तिला लोकांकडे फिरवलं. "गीत चालू असताना हलू नये." हिंदीत सांगितलं, हळू आवाजात, हसतमुखाने. त्या बाईला वाटलं असावं की प्रार्थना आहे. ती उभी राहिली. मी विंगेतून ओरडले, "मुड़ो! मुड़ो ना!" पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच दंगल करायला आले आहे.

म्हातारी पडद्याजवळ आली. आणखी जवळ. मग हाताने काच चाचपली, काहीतरी बोलली, थांबली, पुन्हा बोलली. तिच्यासमोर लेकीची शाल पांघरलेली पाठ ताठ उभी होती. चौथ्या कडव्याला म्हातारी उठून गेली. रिकामी खुर्ची तेवढी राहिली.

गीत संपलं. पाहुणी गर्रकन वळली. तेवढ्यात सभागृहाच्या माणसाने मेन स्विच ओढला, कारण एक वाजला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गीताला.

फुटपाथवर येऊन मी पलीकडे फोन लावला. म्हातारी होडीकडे चालू पडली होती. कार्यकर्ता रडवेला झाला होता. जाताना ती एवढंच म्हणाली होती: तेव्हा गेली तशीच आजही उभी राहिली.

मी त्याला म्हटलं, बाबा रे, काहीही कर, तिला समजाव. पाहुणीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. तो सकाळीच म्हातारीच्या गावी गेला, दुपारी परत येऊन त्याने फोन केला. पाहुणी माझ्यासमोर ऑफिसातच बसली होती, ती शाल घट्ट लपेटून. तिने माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "जो बोली, वही बोलना." मी तेच सांगितलं. आई म्हणते, पाठ मी एकदा पाहिली आहे. पुन्हा पाहायला होडीत बसणार नाही.

तेव्हा ती रडली. अशी रडली की खालच्या दवाखान्यातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. सचिवबाई आतल्या खोलीतून चहाचा कप घेऊन दारात आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. डोळे त्यांचेही भरले होते, खोटं कशाला बोलू?

"अगं, हेच काल व्हायला हवं होतं गं," त्या मला म्हणाल्या.

पाहुणीने मान वर केली. "क्या बोली?"

मी तेही हिंदी करून सांगितलं, एकही शब्द न गाळता.

तिचं रडणं थांबलं. तिने शालीच्या काठाने डोळे पुसले, नाक शिंकरलं, शालीची व्यवस्थित घडी घातली आणि उठून सचिवबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. मग तिने मला स्टेशनचा रस्ता विचारला.