मंगळवार पेठेतली ख्रिसमस शॉपिंग

इंग्रजी शिकवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मंगळवार पेठेत एका गिरणीच्या वरच्या खोलीत मी दर शनिवारी स्पोकन इंग्लिशचा क्लास घ्यायचे. पुस्तक विलायती. ‘बँकेत’, ‘डॉक्टरकडे’ हे धडे सुरळीत पार पडले आणि मग आला ‘ख्रिसमस शॉपिंग’. वर्गात एकही ख्रिश्चन नाही. धड्यात पानोपानी बर्फ, आणि मी बर्फ पाहिलेला तो फक्त उसाच्या रसात! वर्गाला वाटायचं मॅडमना कळतंय, मला वाटायचं वर्गाला कळतंय.

तर पहिला प्रसंग दुकानातला. एकानं दुकानदार व्हायचं, एकानं गिऱ्हाईक. इरप्पाअण्णांचं पेठेतच कापडाचं दुकान होतं, म्हणून त्यांनाच दुकानदार केलं. गिऱ्हाईक झाला बसगोंडा. हा वारणानगरला डेअरीत कामाला होता, सुट्टीला एस्टीनं क्लासला यायचा.

“मे आय हेल्प यू?” अण्णांनी झकास सुरुवात केली.

“आय वॉन्ट स्वेटर. फॉर ख्रिसमस.”

पुस्तकात पुढचा प्रश्न होता, कुठला रंग? अण्णांनी विचारलं, “विच व्हिलेज?”

“वारणानगर.”

“ओरिजिनल?”

“ओरिजिनल गडहिंग्लज.”

“गडहिंग्लज विच गल्ली?”

मी “कलर, अण्णा, कलर!” म्हणून ओरडतेय, पण तोवर दोघंही कानडीत शिरले होते. शेवटी अण्णा हात जोडून माझ्याकडं वळले. “मॅडम, हे तर आमच्या अक्काच्या दिराचं मेव्हणं निघालं की! आता घरच्या माणसाला इंग्रजीतनं भाव कसा सांगायचा?”

स्वेटर काही विकला गेला नाही. दोघं चहाला गेले.

त्याच धड्यात एक वाक्य होतं, मिसेस ब्राउननं टर्की विकत घेतला. बसगोंडा उठला आणि भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून उभा राहिला.

“मॅडम, ह्यो अख्खा?”

मी हसले खरी, पण मलाही नीट माहीत नव्हतं. डिक्शनरी काढली. म्हटलं, “देश नाही हो, पक्षी आहे. कोंबडीसारखा, पण खूप मोठा. सणाला भाजून खातात.”

इरप्पाअण्णा पक्के शाकाहारी, गळ्यात लिंग. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “मग देशच बरा हुता की वो!”

पुढं गिफ्ट. पुस्तक म्हणत होतं, भेट मिळाली की देणाऱ्यासमोरच उघडायची आणि ‘मला अगदी हेच हवं होतं’ असं म्हणायचं. मी सगळ्यांना चमकत्या कागदात काहीतरी बांधून आणायला सांगितलं. आणलं सगळ्यांनी, पण उघडेना कुणीच! देणाऱ्याच्या तोंडावर पुडकं फाडायचं म्हणजे अगदीच हावरटपणा की! अण्णांनी दिलेली भेट बसगोंडानं मानेनंच नमस्कार करून पिशवीत ठेवली.

“बरं, घरी जाऊन उघडा,” मी हार मानली. “पण वाक्य म्हणायचं बरं का!”

पुढच्या शनिवारी अण्णांनी बसगोंडाला उत्सुकतेनं विचारलं, “काय होतं सांगा बघू आत?”

“काय की वो. रविवारी एक लगीन होतं, तिथं दिलं.”

“न उघडता?” मी विचारलं.

“पण वाक्य म्हटलं की मॅडम! एक्झॅक्टली व्हॉट आय वॉन्टेड! लग्नाला न्यायला घरात कायच नव्हतं!”

सुनंदाचं मात्र वेगळं होतं. कबनूरची मुलगी, वडिलांचे पॉवरलूम. मुलीला इंग्रजी येत नाही म्हणून पुण्याच्या एका स्थळानं नकार कळवला, तेव्हा वडिलांनी तिला क्लासला घातलं. वर्गात ती मान वर करायची नाही. वाक्यं तेवढी चोख पाठ.

एके दिवशी तिची आई आली. “मॅडम, रविवारी पावणं येणार हाईत. मुलगा बंगलोरला असतोय. इंग्रजीत विचारलं तर पोरगी घाबरंल. तुम्ही नुसतं बसा.”

मी जाऊन बसले. पोहे झाले. मुलगा दिसायला चांगला, पण उंचीला बेताचा. सुनंदा त्याच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. मुलाच्या मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि पाठ करून आणलेला प्रश्न टाकला.

“डू यू लाइक अवर बॉय?”

सुनंदाचे कान लाल झाले. सहा महिन्यांचं इंग्रजी पणाला लागलेलं! मग अगदी स्वच्छ उच्चारात, धड्यातल्या गिऱ्हाइकाचं वाक्य आलं.

“नो, थँक यू. आय ॲम जस्ट लुकिंग.”

मामांना ‘थँक यू’ तेवढं कळलं. ते खुशीनं मान डोलवायला लागले. “मुलगी फर्डी हाय!”

मुलगा चमकून बघायला लागला. त्यानं हळूच विचारलं, “एनी क्वेश्चन्स?”

मी डोळ्यांनी ‘नको, नको’ करतेय. पण सुनंदानं आज पहिल्यांदा मान वर केली होती. त्याच्याकडं पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत.

“डू यू हॅव इट इन अ बिगर साइझ?”

घाबरून ओठावर आलं ते बोलली, की मुद्दाम बोलली, मला आजतागायत समजलेलं नाही. मी पोह्यांच्या रिकाम्या बशीकडं बघत बसले.

मुलानं मान झुकवली, अगदी मुरलेल्या दुकानदारासारखी.

“सॉरी मॅडम. लास्ट पीस.”

सुनंदा खुदकन हसली. त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदाच.

सुनंदाच्या आईनं माझा दंड घट्ट धरला. “मॅडम, काय म्हनालं वो? व्हय म्हनालं, का न्हाय म्हनालं?”