उखडलेला उंबरा

लेकानं घर दुरुस्तीला काढलं आणि आधी उंबराच उखडला. रांगताना नात अडखळते म्हणे. मी बसवलेला उंबरा. तेव्हापासून मी लेकाशी बोलणं टाकलं.

आता तिथं गुळगुळीत फरशी आहे, तरी माझा पाय आपोआप उचलला जातो.

"आबा, काय ओलांडता?" सून हसते.

आज नात माझ्यामागं दुडुदुडु चालत आली. तिथं पोचल्यावर तिनंही पाय उंच उचलला, पलीकडं टेकला.

सून म्हणाली, "पोरीनं उंबरा ओलांडला की गोड करतात ना, आबा?"

लाकूड तर अंगणात पडलंय. मग हिनं ओलांडलं काय? उंबरा गेला म्हणावं की आहे म्हणावं, मला उमगेना.

शेवटी लेकाला म्हणालो, "शिऱ्याला रवा आण."