खिडकीतली लसणाची पात

परडीतल्या लसणाला कोंब फुटले, तेव्हा ह्यांनीच त्या पाकळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात मातीत खोचल्या. आता स्वयंपाकघराच्या खिडकीत हिरवीगार पात डोलते आहे आणि लावणारे आतल्या खोलीत पलंगावर पडून आहेत.

लसणावर ह्यांची भारी श्रद्धा. कान ठणकला की लसूण घालून कढवलेलं तेल, सर्दी झाली की लसूण-ओव्याची पुरचुंडी, आणि रोज सकाळी अनशापोटी एक कच्ची पाकळी. "रक्त पातळ राहतं, झटका येत नाही," असं बिल्डिंगभर सांगत सुटायचे. झटका आलाच. उजवं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले, "बघू," पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

पात मी कात्रीने कापते. चार दिवसांत ती पुन्हा वर येते, जणू काही झालंच नाही. बघून कौतुक वाटायला हवं, पण मला तिचा रागच येतो. माणसाचं जे जातं, ते असं मुकाट्याने परत का येत नाही?

आज पात चिरून वरणाला लसणाची चरचरीत फोडणी दिली. ह्यांचं आवडतं. जिन्यातून शेजारची सून ओरडली, "काकू, काय वास सुटलाय!" मी वाटी घेऊन आत गेले. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला आणि जड जिभेने विचारलं, "आज लसूण नाही घातलास?"

"संपलाय हो," मी म्हटलं, आणि हाताचा वास पदराला पुसत राहिले.