लाजेपायी सोडलेली गोळी

"ताई, ह्ये गेलं वो..." वहिनीचा फोन आला तेव्हा मी बारामतीत घरी भाजी निवडत होते. माझा थोरला भाऊ दत्ताआण्णा झोपेतच हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. त्याला आता महिना होऊन गेला. भिगवणला हायवेलगत त्याची मासळीची खानावळ. आवाज असा, की त्यानं वाढप्याला हाक मारली तर रस्त्यापलीकडचा ट्रकवाला वळून बघायचा.

काही वर्षांपूर्वी हाच माणूस भर उन्हाळ्यात स्वेटर घालून गल्ल्यावर डुलक्या घेऊ लागला. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा. आणि रडायचा... रस्सा खारट झाला एवढ्यावरूनही. मग ओशाळून मोरीपाशी जायचा, तोंडावर पाणी मारून परत यायचा. लोक म्हणाले, चोरून पितोय. शेवटी वहिनीनंच त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासून बाई म्हणाल्या, थायरॉइड कमी पडतंय. त्यानं शरीर मंदावतं तसं मनही खचतं, रोज गोळी घ्या. आण्णानं मान खाली घातली. "ह्यो बायकांचा आजार न्हवं का?" "पुरुषांनाही होतो," बाई म्हणाल्या. गोळीनं तो हळूहळू पुन्हा हसूबोलू लागला. पण चुलतभावांनी थट्टा केली, आणि त्यानं कुणाला न सांगता गोळी बंद केली.

माझ्या लेकीचा साखरपुडा होता, सोयरे बावड्याचे. भाचीच्या बोटात अंगठी गेली आणि आण्णा हुंदके देऊन रडू लागला... थांबेचना. व्याही कुजबुजले. माझ्या नवऱ्यानं त्याला दंडाला धरून बाहेर गाडीत बसवलं. मी पेढ्यांचं ताट घेऊन उभी. मान वर होईना. थोड्या वेळानं आण्णा स्वतःच आत आला. डोळे लाल, हात जोडलेले. "पाव्हणं, मी प्यालेलो न्हाय. मला थायरॉइड हाय. लोक हसत्यात म्हणून लाजंपायी गोळी सोडली, त्याचा ह्यो तमाशा." व्याह्यांनी उठून शेजारची खुर्ची पुढं केली. "बसा आण्णा. जेवून घ्या." त्या दिवशी मला त्याची लाज वाटली होती. आता त्या लाजेचीच लाज वाटते, पण ते ऐकायला तो नाही.

पुढं आण्णा खानावळीत सगळ्यांदेखत गोळी घ्यायचा. गोळीनंतर अर्धा तास चहा चालत नाही, म्हणून त्याच्यापायी अख्खं घर चहासाठी ताटकळायचं. परवा वहिनीकडं मुक्कामाला गेले होते. सकाळी चहाचं आधण ठेवायला उठले, तशी वहिनी म्हणाली, "थांबा की ताई, अजून अर्धा तास न्हाय झाला..." मग तिचं तिलाच उमगलं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, अर्धा तास होईपर्यंत.