काकूंच्या बाजूची खिडकी

खडवलीला नदीकाठी मी पहिल्यांदाच गाडी आणि तंबू घेऊन गेलेलो. शेजारी कळव्याचे एक काका-काकू आले. जुन्या व्हॅनमध्ये त्यांनी पलंग आणि शेगडी बसवून घेतलेली.

"अगदी काठाला नको लावू रे, वरून पाणी सोडतात," म्हणत काकांनी माझी गाडी आधी वर घ्यायला लावली. मग चाकांना दगड कसे लावायचे ते दाखवलं. त्यांची स्वतःची व्हॅन मात्र काही केल्या मनासारखी लागेना. आत जाऊन पलंगावर आडवे व्हायचे, बाहेर यायचे, व्हॅन थोडी पुढे घ्यायचे, की पुन्हा आडवे.

"लेव्हल बघताय का?" मी विचारलं.

"हिची खिडकी बघतोय. घरी खिडकीसमोर टॉवर आला. इथे तरी डोळे उघडले की नदी दिसू दे."

"दर वेळचं आहे यांचं. चहा गार होतो," लसूण सोलत काकू म्हणाल्या.

सकाळी काकू पडदा सारून नदी बघत बसलेल्या. काका अजून झोपलेले. काकांच्या बाजूच्या खिडकीसमोर माझ्या गाडीचा पत्रा होता, आणि पत्र्याआड भाताची शेतं.

त्यांनीच लावायला शिकवलेले दगड मी काढले आणि इंजिन चालू न करता गाडी ढकलत मागे नेली.