तोंडावरचा हात

सहा वर्षांच्या नातीची किडलेली दाढ डॉक्टरीणबाईंनी उपटली, तेव्हा नातीपेक्षा माझी लेक सुमन जास्त रडली. आमच्या गावच्या हापशाच्या पाण्यात फ्लोराइड फार. ते पिऊन सुमनचे दात लहानपणीच तपकिरी झाले. अजून ती तोंडावर हात धरून बोलते. म्हणून शहरात आल्यावर तिने पोरीसाठी हुडकून बिनफ्लोराइडची पेस्ट आणली.

“अहो, इथल्या पाण्यात फ्लोराइड नाहीच म्हणा ना. दात किडण्यापासून वाचायला पोरीला पेस्टमधून थोडं हवं होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“माझ्यासारखे होऊ नयेत म्हणून केलं हो,” सुमन म्हणाली.

एकीला जास्त झालं, दुसरीला कमी पडलं. आईने भ्यायचं तरी कशाला?

रिक्षात मी माझं बोळकं दाखवून नातीला हसवलं. ती हसली आणि तिने पटकन तोंडावर हात ठेवला. सुमन शेजारीच बसली होती. तिने ते पाहिलं.